स्पंजाचा आहार : मुंबईच्या तळ्यांपासून पोवळ्यांच्या बेटांपर्यंत

पोवळे हा मराठीतील घरचा शब्द आहे. स्पंज हा पाहुणा आहे. संस्कृत 'प्रवाल', त्यावरून प्राकृत 'पवाल' आणि त्यापासून मराठी 'पोवळे' ही परंपरा सरळ असून तीत कोठे खंड पडलेला दिसत नाही. स्पंज मात्र इंग्रजीच्या हाताला धरून आला. इंग्रजीत तो लॅटिनमधून व लॅटिनमध्ये ग्रीकमधून आलेला. हाच ग्रीक शब्द दुसऱ्या वाटेने पूर्वेकडे निघून अरबी-फारसीत 'इस्फंज' झाला. परंतु फारसीत ह्या वस्तूला दुसरेही एक नाव आहे, आणि ते विशेष विचार करण्याजोगे आहे : 'अब्र-ए-मुर्दा', म्हणजे मेलेला ढग. हिंदुस्थानीने त्याचेच भाषांतर करून 'मुआ बादल' असे म्हटले. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले; त्यामुळे हे नाव आमच्या भागातील जुन्या पिढीच्या कानांना अगदीच परके वाटले नसावे.

एका जिवंत प्राण्याला 'मेलेला ढग' म्हणावे आणि दुसऱ्याला 'प्रवाल' म्हणजे कोवळा अंकुर म्हणावे, ह्यात लोकांचे अज्ञान पाहून हसण्यासारखे काही नाही. बाजारात स्पंज येई तो वाळलेला, पाणी शोषणारा सांगाडा. आणि पोवळे येई ते तांबडे, फांद्या फुटलेले. ज्याने वस्तू पाहिली त्याने दिसले तसे नाव दिले. पोवळ्याचा व्यापार फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे, आणि त्याच पुस्तकात त्या बंदराला कापड पुरविणाऱ्या 'तगर' नगराचा उल्लेख आहे. हे तगर म्हणजे आमच्याच जिल्ह्यातील तेर होय. भूमध्य समुद्राचे पोवळे दख्खनच्या पठारावर येण्याची वाट अशी दोन हजार वर्षांपूर्वी मोकळी झालेली होती. त्या यादीत स्पंज मात्र नाही. शब्दांच्या इतिहासात मालाचा इतिहास असा उमटलेला असतो.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ह्या शब्दांच्या पलीकडचा आहे. पोवळ्यांच्या बेटांवर स्पंज कशावर जगतो, ही गोष्ट माणसाला कळत कशी गेली, त्या शोधात मुंबईच्या तळ्यांचा वाटा किती, आणि तो वाटा बहुधा का विसरला जातो, हे येथे पाहावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने प्राणिशास्त्राच्या अंगणात पाऊल का टाकावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर इतकेच की, हा सर्व वाद मुळात एका नावाचा वाद होता : स्पंजाच्या अंगावरील मोठ्या भोकाला 'तोंड' म्हणावे की नाही?

ॲरिस्टॉटलने स्पंजाविषयी पुष्कळ लिहिले आहे. ओढून काढू लागल्यास स्पंज आकसतो, ही कोळ्यांची समजूत त्याला माहीत होती आणि वनस्पती व प्राणी ह्यांच्या सीमारेषेवर त्याने त्याला बसविले. त्यानंतर दोन हजार वर्षे हा प्रश्न जवळजवळ तेथेच राहिला. १७६५ मध्ये जॉन एलिस ह्या इंग्रज अभ्यासकाने जिवंत स्पंजाच्या भोकांतून पाणी आतबाहेर होताना पाहिले व स्पंज हा प्राणी असल्याचे प्रतिपादन केले. तथापि पाणी ज्या भोकातून आत जाते त्यातूनच बाहेर येते, असा त्याचा समज होता. हा समज दूर केला तो रॉबर्ट ग्रँट ह्या एडिंबरोच्या वैद्याने. १८२५ च्या सुमारास त्याने फोर्थच्या खाडीतील स्पंज समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मोठ्या भोकातून बारीक कणांचा लोट एकसारखा बाहेर पडत असलेला त्याला दिसला. तो लोट कधी उलट फिरला नाही. पाणी आत शिरते ते अंगभर पसरलेल्या असंख्य बारीक रंध्रांतून, आणि बाहेर जाते ते थोड्या मोठ्या भोकांतून, हे त्याने ठाम ठरविले. पुढे ह्या प्राणिसंघाला 'पोरिफेरा' म्हणजे रंध्रे धारण करणारे हे नाव त्यानेच दिले. मराठी शालेय पुस्तकांतील 'रंध्रीय प्राणी' ही संज्ञा ह्याच नावाचे भाषांतर आहे. एडिंबरोस वैद्यक शिकत असलेला तरुण चार्ल्स डार्विन १८२६-२७ मध्ये ग्रँटबरोबर त्याच किनाऱ्यावर हिंडत असे. ह्या योगायोगाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ग्रँटने प्रवाह दाखविला, परंतु तो प्रवाह उत्पन्न कोण करतो, आणि पाण्याबरोबर आलेल्या कणांचे आत काय होते, हे त्याला दाखविता आले नाही. त्याला कारण होते. समुद्रातील स्पंज जाड व अपारदर्शक असतो; कापून पाहावा तर प्रवाह थांबतो, न कापावा तर आतले दिसत नाही. ही अडचण जेथे दूर झाली ते स्थळ म्हणजे मुंबई होय.

हेन्री जॉन कार्टर हा इंग्लंडातील डेव्हन परगण्यात १८१३ साली जन्मलेला शल्यवैद्य १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय सेवेत दाखल झाला. (ह्याच शहरात थोड्याच वर्षांनी दुसरा एक डॉक्टर कार्टर आला : हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ग्रे ह्याच्या प्रसिद्ध शारीरशास्त्रावरील ग्रंथातील चित्रे त्याची, आणि महारोगावरील संशोधनही त्याचे. दोघेही हेन्री, दोघेही मुंबईचे डॉक्टर. त्यामुळे एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा झालेले अधूनमधून आढळते.) आमचा कार्टर १८४४ ते १८४६ ह्या काळात 'पॅलिन्यूरस' ह्या जहाजावर अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याच्या पाहणीत होता. परतल्यावर त्याने मुंबईत ठाण मांडले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीसपद त्याने सांभाळले, पश्चिम हिंदुस्थानच्या भूस्तरांवरील लेखांचा एक मोठा संग्रह १८५७ मध्ये संपादित केला, आणि रिकामा वेळ मिळेल तेव्हा तो शहरातील तळ्यांकडे वळू लागला.

त्या काळची मुंबई तळ्यांवर जगत होती. विहारचे पाणी १८६० मध्ये नळांनी येईपर्यंत पिण्याचे, धुण्याचे, गुरांचे पाणी तळ्या-विहिरींचेच असे. ह्या तळ्यांतील दगडांवर, पाण्यात बुडालेल्या काटक्यांवर पावसाळ्यानंतर एक करडा-हिरवट बुरा वाढतो. हातात घेतला तर खरखरीत लागतो व त्याला एक विशिष्ट वास येतो. शेवाळ समजून कोणीही त्याकडे दुर्लक्ष करावे असाच तो असतो. हा गोड्या पाण्यातील स्पंज. उन्हाळ्यात तळे आटले की स्पंजाचा देह मरतो व मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा गोल बीजकलिका मागे राहतात. त्या उन्हाचा ताप सोसतात आणि पाणी परत आले म्हणजे प्रत्येकीतून नवा स्पंज बाहेर पडतो. कार्टरने ह्या बीजकलिका काचेच्या लहान तबकडीतील पाण्यात टाकल्या. थोड्याच दिवसांत काचेला चिकटून एक अतिशय पातळ, जवळजवळ पारदर्शक पटल वाढले. हाच संपूर्ण जिवंत स्पंज. आणि तो इतका पातळ की, न कापता, न मारता त्याच्या आतील सगळा कारभार सूक्ष्मदर्शकातून पाहता यावा. एडिंबरोच्या समुद्राने जे झाकून ठेवले होते, ते मुंबईच्या तळ्याने उघडे केले.

मुंबईतील तळ्यांच्या स्पंजांवरील त्याचे पहिले टिपण १८४७ मध्ये मुंबईच्याच वैद्यकीय मंडळाच्या नियतकालिकात आले व दुसऱ्या वर्षी लंडनमध्ये पुनर्मुद्रित झाले. त्याच्या शीर्षकात स्पंजांच्या जाती व रचना ह्यांच्या जोडीला त्यांचे 'प्राणित्व' हाही शब्द आहे. म्हणजे १८४७ मध्येसुद्धा स्पंज प्राणी आहे हे सिद्ध करून द्यावे लागत होते. १८४९ च्या निबंधात त्याने मुंबईच्या जातींचे सविस्तर वर्णन केले. 'स्पाँजिला आल्बा', 'सिनेरिया', 'प्लूमोझा' ही त्याने दिलेली नावे शास्त्रात टिकून आहेत. आणखी एका जातीला पुढे १८६३ मध्ये बोवरबँक ह्याने कार्टरचेच नाव दिले. स्पंजाच्या पेशी अमीबासारख्या सरपटतात, कण वेढून घेतात, हे त्याने आरंभापासून नोंदविले. परंतु खरा महत्त्वाचा निबंध १८५७ चा. पाण्यात रंगाची अतिशय बारीक पूड सोडून ती पुढे कोठे जाते हे त्याने पाहिले. रंगाचे कण रंध्रांतून आत शिरले, लहान लहान कुपीसारख्या पोकळ पिशव्यांपाशी येऊन थांबले, त्या पिशव्यांच्या भिंतीतील चाबकासारखा केस असलेल्या पेशींनी ते आत ओढले. आणि जे पचण्याजोगे नव्हते ते काही वेळाने मोठ्या प्रवाहात टाकले जाऊन बाहेर गेले. स्पंज कोठे खातो, ह्याला मिळालेले हे पहिल्या उत्तरांपैकी एक होय. त्याच सुमारास जर्मनीत लीबरक्यून हाही गोड्या पाण्यातील स्पंजावर अशाच दिशेने काम करीत होता, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु त्यामुळे मुंबईच्या कामाची किंमत कमी होत नाही.

ह्यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. हेन्री जेम्स-क्लार्क ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १८६६-६७ मध्ये दाखविले की, त्या चाबकासारख्या केसाभोवती एक नाजूक झालर, सदऱ्याच्या उभ्या गळपट्टीसारखी, असते. आणि पाण्यात एकेकट्या राहणाऱ्या काही अतिसूक्ष्म जीवांनाही अगदी तशीच झालर असते. म्हणून ह्या पेशींना आज गळपट्टीच्या पेशी किंवा कॉलर पेशी म्हणतात. कार्टर १८६२ मध्ये मुंबई सोडून आपल्या गावी, बडली सॉल्टरटन येथे, जाऊन राहिला होता; तेथे त्याने स्वतः पाहून जेम्स-क्लार्कच्या शोधाला १८७१ मध्ये दुजोरा दिला. ज्याला आपल्याला न दिसलेली गोष्ट दुसऱ्याला दिसली असे मोकळेपणाने लिहिता येते, असा संशोधक विरळा.

परंतु त्याच १८७१ च्या लेखाचा दुसरा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. जर्मनीत अर्न्स्ट हेकेल ह्याने नुकताच एक आकर्षक सिद्धांत मांडला होता : स्पंज हे पोवळ्यांचे सख्खे नातलग होत. स्पंजाची मधली पोकळी म्हणजे पोवळ्याचे पोट, आणि वरचे मोठे भोक म्हणजे त्याचे तोंड. आकृती शेजारी शेजारी ठेवल्या तर हे साम्य डोळ्यांत भरते, आणि हेकेलच्या लेखणीत व कुंचल्यात ते भरविण्याचे सामर्थ्य पुरेपूर होते. कार्टरने त्याला विरोध केला. पोवळ्याचा जीव शुंडकांनी भक्ष्य पकडतो, ते एकाच तोंडाने गिळतो आणि राहिलेला चोथा त्याच तोंडाने ओकतो. स्पंजाच्या मोठ्या भोकातून मात्र अन्न कधीच आत जात नाही. तेथून जाते ते गाळून झालेले पाणी. ज्याला तोंड म्हणावयाचे ते वस्तुतः मोरी आहे. हे कार्टरला आकृत्यांवरून कळलेले नव्हते. मुंबईत रंगीत पूड आत जाताना आणि बाहेर येताना त्याने तासन्‌तास पाहिलेली होती. नाव ठेवणाराने आकार पाहिला, आक्षेप घेणाराने क्रिया पाहिली. ह्या वादात पुढील शास्त्राने कार्टरची बाजू घेतली आणि स्पंज व पोवळे हे दोन स्वतंत्र संघ मानले गेले.

असे असता, संक्षिप्त इतिहासांत ग्रँटवरून एकदम जेम्स-क्लार्कवर उडी मारण्याची चाल आढळते, आणि मधली मुंबई गळते. लेखकाच्या मते ह्याची दोन कारणे आहेत. एक, कार्टरची पुढची कीर्ती समुद्रातील स्पंजांच्या वर्गीकरणावर उभी राहिली. रॉयल सोसायटीने त्याला १८७२ मध्ये पदक दिले, मन्नारच्या आखातातून काढलेल्या नमुन्यांवरील त्याचे अहवाल १८८० पासून निघू लागले, आणि त्या राशीखाली मुंबईची टिपणे दबून गेली. दुसरे कारण असे की, स्थळच नाहीसे झाले. हिवतापाच्या निर्मूलनासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९११ च्या बेंटली अहवालानंतर, मुंबईची तळी एकामागून एक बुजविण्यात आली. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही आता केवळ नावे उरली आहेत. तेथे आज बसथांबा, मैदान किंवा चौक आहे, पाणी नाही. आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. परंतु ज्या प्रयोगशाळेला भिंती नव्हत्या तिची पाटीही मग राहत नाही.

आता स्पंजाचे खाणे म्हणजे नेमके काय, हे आजच्या ज्ञानानुसार पाहू. मराठीत 'गाळणे' आणि 'गिळणे' हे दोन शब्द कानाला भावंडे वाटतात, परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत : एक ठिबकणे ह्या अर्थाच्या धातूचे प्रयोजक रूप, दुसरा गिळणे ह्याच अर्थाच्या जुन्या धातूपासून आलेला. स्पंजाच्या देहात मात्र ह्या दोन्ही क्रिया एक होतात. त्वचेवरील रंध्रे मोठा कचरा बाहेर अडवितात. आतील कालवे फाटत फाटत हजारो सूक्ष्म कोठड्यांत जातात. प्रत्येक कोठडीच्या भिंतीला गळपट्टीच्या पेशी दाटीने बसलेल्या असतात आणि त्यांचे केस सतत हलत राहून पाणी खेचतात. गळपट्टी म्हणजे अतिशय बारीक बोटांचे कुंपण. त्यातून पाणी निघून जाते आणि जिवाणूएवढे कणही अडकून राहतात. अडकलेला कण पेशी वेढून घेते व पुढे सरपटणाऱ्या पेशींच्या हवाली करते. पोट नाही, आतडे नाही; पचन प्रत्येक पेशीच्या पोटात. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्याने ह्या पेशीगत पचनाचा अभ्यास स्पंजांत केला होता, आणि आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतू गिळतात ह्या त्याच्या सिद्धांताकडे, ज्यासाठी त्याला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, जाणारी वाट अशाच निरीक्षणांतून गेली.

ह्या यंत्रणेत एक सुंदर हिशेब आहे. कोठड्यांची संख्या प्रचंड असल्याने त्यांची एकत्रित रुंदी पुष्कळ होते. म्हणून नदी पसरट पात्रात यावी तसे पाणी तेथे संथ होते आणि पेशींना कण वेचावयास सवड मिळते. नंतर सर्व पाणी एका अरुंद भोकातून जोराने बाहेर फेकले जाते व दूर जाऊन पडते. नाही तर स्पंजाला आपलेच खरकटे पाणी पुन्हा प्यावे लागले असते. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ बिडर ह्याने १९२३ मध्ये स्पंजाच्या आकाराचे हे मर्म प्रथम नीट उलगडले.

येथे पोवळ्यांच्या बेटांचा प्रश्न उभा राहतो. डार्विनने 'बीगल' जहाजावरून १८३६ मध्ये हिंदी महासागरातील कीलिंग बेटे पाहिली, आणि १८४२ मध्ये पोवळ्यांच्या भित्तींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. उष्ण समुद्राचे निळे, स्वच्छ पाणी दिसावयास सुंदर, पण त्यात अन्नांश फार थोडा; ते स्वच्छ दिसते ते त्यात तरंगणारे जीव कमी म्हणूनच. मग अशा समुद्री वाळवंटात एवढी गजबज कशी नांदते? ह्या कोड्याला आज डार्विनचेच नाव देतात. पोवळ्याच्या देहात राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, हा उत्तराचा पहिला भाग. परंतु त्या अन्नाचा मोठा अंश श्लेष्म्याच्या व विरघळलेल्या द्रव्यांच्या रूपाने पाण्यात झिरपतो. तो समुद्रात वाहून का जात नाही?

हेन्री राइसविग ह्याने जमैकाच्या किनाऱ्यावर पाण्याखाली जाऊन स्पंजांच्या आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचे नमुने घेतले. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मापनांवरून असे दिसले की, कणरूप अन्नातील सुमारे चार-पंचमांश भाग साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या कणांचा असतो. स्पंजाचे ताट आपण समजत होतो त्याहून फारच बारीक धान्याचे होते. त्याच्याही खाली, कणच नव्हे अशा, पाण्यात विरघळलेल्या अन्नाचा प्रश्न जुना होता. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुटर ह्याने १९०९ मध्येच म्हटले होते की जलचर प्राणी विरघळलेल्या द्रव्यांवरही जगतात. डेन्मार्कच्या क्रोग ह्याने १९३१ मध्ये सर्व पुरावा तपासून ते मत अमान्य केले आणि ते बराच काळ अडगळीत पडले. बहुतेक प्राण्यांच्या बाबतीत क्रोगचे म्हणणे बरोबरच होते. स्पंजाच्या बाबतीत मात्र पुटरचे पारडे जड ठरले. तांबड्या समुद्रातील 'थिओनेला' ह्या स्पंजावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष मापनांत त्याच्या आहाराचा मोठा भाग विरघळलेल्या द्रव्यांचा असल्याचे दिसून आले.

ह्यापुढील पायरी कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर गाठली गेली. डच संशोधक दे खुय व त्याचे सहकारी ह्यांनी भित्तींच्या कपारींत, अंधारात पापुद्र्यासारखे पसरणारे स्पंज अभ्यासले. ह्या स्पंजांचे गूढ असे की ते खातात पुष्कळ पण वाढत जवळजवळ नाहीत. खाल्लेले जाते कोठे? त्यांच्या गळपट्टीच्या पेशी पाच-सहा तासांत एकदा, म्हणजे प्राणिसृष्टीत आढळणाऱ्या अत्यंत जलद गतीने, दुप्पट होतात, आणि जुन्या पेशी एकसारख्या झडून बाहेर पडतात. हा झडलेला चुरा खेकडे, कृमी, गोगलगायी खातात. त्यांना इतर खातात. म्हणजे पोवळ्यांनी पाण्यात सांडलेले, इतरांना उचलता न येणारे अन्न स्पंज गोळा करतो व खाता येईल अशा रूपाने परत मांडतो. २०१३ मध्ये हा 'स्पंज-फेरा' जगापुढे आला. पोवळ्याच्या श्लेष्म्यातील अन्नांश ह्या वाटेने पुढे जातो हे २०१६ मधील प्रयोगांनी दाखविले. तथापि ही गोष्ट सर्वच स्पंजांना लावण्याची घाई करू नये. कॅरिबियनमधील पिंपासारख्या प्रचंड स्पंजाने विरघळलेले अन्न घेतले, पण चुरा टाकल्याचे आढळले नाही, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. पुष्कळ मोठ्या स्पंजांच्या देहांत जिवाणूंच्या वसाहती असतात व अन्नाचा वाटा त्यांना द्यावा लागतो. फेरा आहे, परंतु तो सर्वत्र सारख्याच जोराने फिरत नाही, असेच आज म्हणता येते.

पोवळ्याला स्पंज खातो, असा एक समज मात्र कानावर येतो. त्याचे मूळ 'क्लायोना' ह्या भोके पाडणाऱ्या स्पंजात आहे. ह्याचे नामकरणही ग्रँटचेच, १८२६ चे, आणि त्याने तो कालवांच्या शिंपल्यांत पाहिला होता. हा स्पंज शिंपल्यात किंवा पोवळ्याच्या दगडात घरे कोरीत जातो. बाहेरून केवळ लहान भोके दिसतात, आत दगड पोखरून जाळी झालेली असते. परंतु तो दगड खात नाही. त्याच्या विशिष्ट पेशी चुन्याच्या कणाभोवती अतिशय अरुंद खाच विरघळवितात आणि कण सुटा झाला की तो पाण्याबरोबर बाहेर टाकतात. १९७३ मध्ये रुट्झलर व रीगर ह्यांनी दाखविले की, काढलेल्या चुन्यापैकी केवळ दोन-तीन टक्के विरघळतो. बाकी सारा चुरा. खाणे वेगळे, घर खोदणे वेगळे : त्याचे अन्न इतर स्पंजांप्रमाणे पाण्यातूनच येते. बेटांच्या भोवती साचणाऱ्या बारीक गाळात ह्या चुऱ्याचा भाग मोठा असतो.

चुन्याच्या खड्यांना आमच्या गावी वेगळेच स्थान आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी चुन्याच्या रानात येते आणि लाखो भाविक रानातील चुनखडी वेचून पालखीवर वाहतात. समुद्रापासून इतक्या दूर चुन्याचे खडे पाहून येथे कधी समुद्र होता काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. ह्या चुनखडीचा पोवळ्यांशी संबंध नाही. आमचे पठार ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पावसाचे किंचित आम्ल पाणी त्या दगडातील चुना विरघळविते, आणि उन्हाळ्यात जमीन सुकताना तो चुना मातीत गाठीगाठींनी साकळतो. पोवळ्याच्या बेटाचा चुना जीव घडवितात, आमच्या रानातला पाऊस आणि ऊन. द्रव्य एकच, एका ठिकाणी ते स्पंज पोखरतो, दुसऱ्या ठिकाणी ते भक्त वेचतात.

महाराष्ट्राचा समुद्र ह्या विषयाला अगदी परका नाही. गढूळ पाण्यामुळे आमच्या किनाऱ्यावर मोठ्या भित्ती बनत नाहीत. तरी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत पोवळी असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासीम व वफर ह्यांनी १९७९ मध्ये नोंदविले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या मालवण येथील सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली, आणि तेथील खडकांवर पोवळी व स्पंज शेजारी शेजारी वाढतात. खोल समुद्रात, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तेथील पाणी स्वच्छ असल्याने पोवळ्यांची वस्ती समृद्ध आहे. तेथील स्पंज काय आणि किती गाळतात ह्याचे मापन हा क्युरासावच्या तोडीचा विषय होईल, आणि तो मराठी विद्यार्थ्याने घ्यावा अशी अपेक्षा बाळगणे अस्थानी नाही.

त्याला समुद्रावर जाणे शक्य नसेल तर तळे आहे. महाराष्ट्रातील गोड्या पाण्याच्या पाच स्पंजजातींवरील पुण्याच्या अभ्यासकांची टिपणे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. बोवरबँकने कार्टरचे नाव दिलेली जात आजही राज्यातील तळ्यांत व धरणांत वाढते. आमच्या भागातील पाझर तलाव वैशाखात आटतात. त्या वेळी उघड्या पडलेल्या दगडांवर व बाभळीच्या बुडालेल्या फांद्यांवर करडा, ठिसूळ पापुद्रा दिसल्यास तो नखाने खरवडून त्यातील पिवळसर दाणे काचेच्या तबकडीत, स्वच्छ पाण्यात टाकावेत. प्रयोगाची बाकी सामग्री म्हणजे चिमूटभर रंग आणि एक सूक्ष्मदर्शक.